सावलीत ठेवलेला वड

खानदेशात झाडाची परीक्षा एकाच विषयात होते. फळ कसं, फूल कसं, लाकूड कशाच्या कामाचं, हे सगळं मागाहून. आधी सावली किती पडते ते बोला. एप्रिल लागला की जळगावात माणसं दुकानाच्या दारात गाडी लावत नाहीत. निंबाखाली लावतात आणि तिथून दुकानापर्यंत उन्हातून चालत येतात. ओळखीच्या निंबाखाली रोजची जागा असणं ही इथे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांची गाडी कुठली, हे पाटी वाचून शोधावं लागत नाही. आवारातल्या सगळ्यात डेरेदार झाडाखाली उभी असते ती.

अशा मुलखात मी वड पाळतो, आणि तो दीड वीत उंच आहे.

पारोळ्याकडचे आमचे एक मामा मे महिन्यात कपाशीचं बियाणं घ्यायला जळगावला आले होते. गच्चीवर वारा असेल अशा भाबड्या समजुतीने वर आले आणि कुंडीपाशी थबकले.

"हाई काय शे रे?"

"वड आहे, मामा."

मामांनी कुंडीभोवती एक फेरी मारली. पारंब्या पाहिल्या, वाकून खोड पाहिलं. वड आहे हे त्यांनी मान्य केलं असावं, कारण पुढचा प्रश्न वडालाच विचारावा असा होता. "येनी सावली पडस का?"

सावली पडली होती, नाही असं नाही. दुपारचे बारा वाजत आले होते, त्यामुळे ती कुंडीच्या काठाच्या आतच संपत होती, आणि एक मुंगळा तिच्यात थांबलाही होता. मामांनी तो मुंगळा पाहिला. मग मान वर करून डोक्यावरची हिरवी जाळी पाहिली, जाळीला लावलेले बांबू पाहिले, कुंडीला गुंडाळलेलं ओलं गोणपाट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे वडले सावली तू करी राह्यना."

बोन्सायवरच्या पुस्तकांत याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

त्या पुस्तकांचं एक बरं असतं, ती कुठल्याही गावात लिहिलेली नसतात. 'उन्हाळ्यात झाड भरपूर उन्हात ठेवावं,' असं त्यांत बिनधास्त छापलेलं असतं. कुठल्या उन्हात? १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतली बोन्सायवाली मंडळी बिऱ्हाड उचलून ओमियाला गेली आणि १९२५ मध्ये तिथे त्यांनी बोन्सायचं गावच वसवलं. त्या गावच्या उन्हात झाडं सुखाने वाढत असतील. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांवर जाऊन बसतो आणि भुसावळचा आकडा आपल्यापेक्षा मोठा आला की जळगावकरांना उगाच हरल्यासारखं वाटतं. इथल्या उन्हात वाळवण घालतात, झाड नाही.

जमिनीतल्या वडाला या उन्हाचं फारसं काही वाटत नाही. त्याची मुळं खाली, गारव्याला पोचलेली असतात. बोन्सायचा ट्रे दोन-तीन बोटं खोल. वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब, आणि मध्ये मुळं. त्यात माती आपली काळी. कपाशीला आणि केळीला ती सोन्यासारखी, पण ट्रेमध्ये ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात ढेकूळ. जपानी लोक अकादामा नावाची भाजकी दिसणारी दाणेदार माती वापरतात. तिची इथली किंमत ऐकल्यावर माणूस विटेकडे वळतो. भट्टीवरच्या पक्क्या विटेचा चाळलेला चुरा, गिरणेची भरड वाळू, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वाळू हल्ली महाग झाली आहे आणि बहुतेक रात्रीच्या वेळीच हलते म्हणतात. मला दोन घमेली पुरतात, त्यामुळे मी अजून माफियात मोडत नाही.

या मिश्रणातून पाणी झरझर निघून जातं. मुळं सडत नाहीत हा फायदा. सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत नाहीसं होतं हा तोटा. आणि पाणी म्हटलं की खानदेशात प्रकरण नाजूक होतं. नळ कुठे दिवसाआड, कुठे दोन दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही लांब. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर साक्रीकडचं. पांझरेच्या काठी फडाची जुनी पद्धत आहे: बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कोणत्या शेताला कधी, ते पाटकरी ठरवतो, तिथे कोणाची ओरड चालत नाही. मे महिन्यात आमच्या घरचा पाटकरी कोण असतो ते सांगायला नको. पिण्याचं पाणी पहिलं, स्वयंपाक दुसरा, कूलर तिसरा, मग माझी झाडं आणि शेवटी माझी आंघोळ. झाडांचा नंबर आंघोळीच्या आधी लावून घेतला, हा मी माझ्या संसारातला मोठा विजय समजतो.

बरं, पाणी असलं तरी कधी घालायचं? दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीच्या तोटीखाली हात धरून पाहा. त्या पाण्यात अंडं उकडेल की नाही माहीत नाही, मुळं नक्की उकडतात. म्हणून एक पाणी सूर्य उगवायच्या आत आणि एक दिवस मावळल्यावर, तेही माठातलं. मामांना या सगळ्याची दया आली असावी. पुढच्या खेपेला त्यांनी केळीच्या बागेतली उरलेली ठिबकची नळी, मूठभर ड्रिपर आणि दोन एंड कॅप आणून दिल्या. जळगाव हे ठिबकचं गाव. भवरलाल जैन यांच्या कारखान्याने ते नाव देशभर नेलं, आणि इथल्या माणसाला एकरभर केळी असो की एक तुळस, लॅटरल अंथरल्याशिवाय चैन पडत नाही. काही दिवस झकास चाललं. पण आमच्या बोअरचं पाणी जड. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो, एक ड्रिपर चोक होतो, आणि शेतात जे एक झाड सुकल्यावर कळतं ते गच्चीवर अख्खं बोन्साय गेल्यावर कळेल. तेव्हापासून नळी आहे, पण तिच्यावर नजर ठेवायला मी आहे.

याचा परिणाम असा की बोन्सायवाल्याला उन्हाळ्यात गाव सोडता येत नाही. आखाजीला साऱ्या खानदेशच्या लेकी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आमच्या कुंड्याही त्या सुमारास गच्चीवरून खाली न्हाणीघराच्या खिडकीत येतात आणि मृगापर्यंत माहेरपण करून घेतात. साक्रीला सौभाग्यवती जातात, मी कुंड्यांपाशी. लग्नाच्या पत्रिका येतात, मी आहेर पाठवतो. नातेवाइकांत माझ्या प्रकृतीविषयी काळजी व्यक्त होते.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत. त्या साली मलिक अंबर हयात होता, खानदेश मुघलांच्या ताब्यात जाऊन पाव शतक होत आलं होतं, आणि शिवाजी महाराजांचा जन्म पाच वर्षं पुढे होता. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यात हे झाड पिढ्यान्पिढ्या राहिलं. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला, तेव्हा बागेच्या भिंतीआड होतं म्हणून वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, ज्या देशाने बॉम्ब टाकला त्यालाच, आणि बॉम्बचा विषयही काढला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले तेव्हा संग्रहालयाला हे कळलं. या गोष्टीतला मोठेपणा सगळ्यांनाच भिडतो. मला मात्र आधी दुसरंच काहीतरी दिसतं. चार शतकांत या झाडाला पाणी घालायला रोज कोणीतरी घरी होतं. एकाही उन्हाळ्यात सगळं घर मिळून लग्नाला गेलं नाही.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते, आणि वर्षातून एकदा माझ्या वडाला समाजात स्थान मिळतं. महामार्ग रुंद झाला तेव्हा आमच्या बाजूचा जुना वड गेला. बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात, पण फांदी तोडून आणायची आणि तिच्याकडेच आयुष्य मागायचं, हे कॉलनीतल्या बायकांना पटेना. शेवटी एक शिष्टमंडळ आलं. "भाऊ, तुमचा वड खाली आणता का? काकूंना जिना चढवत नाही."

वड खाली आणला. अंगणात चौरंगावर ठेवला. पहिल्या बाईंच्या सात फेऱ्या एवढ्या लवकर झाल्या की त्या स्वतःच गोंधळल्या. "झाल्या?" मागची म्हणाली, "झाल्या ना, मी मोजल्या." मग वाद उपस्थित झाला: लहान वडाची फेरी पूर्ण फेरी धरायची की कमी? नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न, त्यात काटकसर नको, म्हणून एकीने चौदा मारल्या. दुसरी, तिच्याकडे पाहून, सातवरच थांबली. काकू चौरंगाशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी निकाल दिला, "वडाचं वय बघायचं, उंची नाही." त्यावर कोणी बोललं नाही.

अडचण वेगळीच होती. खोडाला मी आधीच तांब्याची तार गुंडाळलेली, तिच्यावर आता पांढरं सूत चढलं. तारेचे पेड डावीकडून उजवीकडे, सुताचे उलटे. आंबे, गहू, हळदकुंकू, उदबत्तीची राख, आणि प्रत्येकीचा एक तांब्या पाणी. दीड वीत झाडाला अर्ध्या तासात पावसाळा मिळाला. विटेच्या चुऱ्याने ते सगळं पाणी इमानदारीने खाली सोडलं आणि अंगण शेंदरी झालं. संध्याकाळभर मी चिमट्याने पारंब्यांतून सूत सोडवत होतो.

तारेचं सांगायचं तर ती मी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणतो. शेतपंपाची मोटार जळणं ही खानदेशात बारमाही घटना, त्यामुळे वाइंडिंगवाले गावोगाव आहेत. जळक्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार उष्णतेने मऊ झालेली असते, आणि बोन्सायला तशीच लागते: हवी तशी वळावी आणि वळल्यावर जागेवर राहावी. बारीक असली तर दोन-तीन पदर एकत्र पिळायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कारागिराने नेहमीप्रमाणे विचारलं, "किती एचपीची मोटार आहे?" मी म्हटलं, "वडाला गुंडाळायची आहे." त्याने बाकी काही न विचारता वजन केलं. पूजेचं काहीतरी असावं असा त्याचा समज झाला, आणि पौर्णिमेच्या दिवशी पाहिलं तर तो फार चुकलेलाही नव्हता.

आषाढ-श्रावणात मात्र या तारेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. जळगावला वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, धुळ्याला त्याहूनही कमी. पण जो पडतो तो पडत असताना वडाला अंगात आल्यासारखी वाढ होते. खोड जाड होतं, तार सालीत रुतते, आणि रुतलेल्या तारेचा वळ वर्षानुवर्षं जात नाही. वेळीच कापून काढायची, तांब्याची किंमत आठवून उलगडत बसायचं नाही. कुंडी बदलणं, मुळं छाटणं हेही याच दिवसांत. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही सगळी एकाच कुळातली मंडळी पहिला पाऊस झाला की मुळांवरची कात्री निमूट सोसतात. चिंच जरा मानी आहे. तिची पानं मुळातच बारीक, त्यामुळे ती छोट्या कुंडीत खऱ्या झाडासारखी दिसते, पण मुळं छाटली की आठवडाभर पानं मिटून बसते.

पिंपळावरून घरात जे झालं ते थोडक्यात सांगतो. पिंपळ घरात नको, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत. पिंपळावर मुंजा असतो. मी म्हटलं, एवढ्याशा पिंपळावर मुंजा आला तर त्याला उभ्यानेच राहावं लागेल. हे सासूबाईंना आवडलं नाही. पिंपळ गच्चीच्या कठड्यावर गेला, म्हणजे कायद्याने घराबाहेर. पाठोपाठ वास्तूचे जाणकार आले. बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात उन्हाळ्यात विजेचं बिल वाढतं, पाण्याचं बिल वाढतं, दरवर्षी माझा चष्म्याचा नंबर वाढतो. खुंटलेलं काही दाखवून द्या म्हटलं. त्यांनी माझ्या पगाराकडे बोट दाखवलं, तेव्हा मी विषय बदलला.

'झाडाचा छळ' हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, लळिंगच्या शेळ्यांकडे आहे. तिकडे येतोच, आधी धुळ्याच्या शालकांचं ऐका.

जळगाव उन्हाळ्यासाठी नावाजलेलं तसं धुळं हिवाळ्यासाठी. जानेवारीत एखादी लाट आली की धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि राज्याच्या बातम्यांत निफाडशी त्याची चुरस लागते. आमचे शालक त्या काळात उगाच ताठ मानेने वावरतात. ते एकदा गढवालात फुलांच्या घाटीत जाऊन आले. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ वाट चुकून जिथे उतरला, ती घाटी. तिथून ते हेमकुंडाला चढले, चार हजार मीटरच्या वर, आणि खरं ब्रह्मकमळ पाहून आले: दगडांच्या फटीत गुडघाभर उंचीचं, फिकट कागदी पाकळ्यांच्या आत फूल झाकून उभं राहिलेलं.

परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती सामाजिक दृष्ट्या चुकीची होती. श्रावणात शेजारी रात्री ब्रह्मकमळ उमललं. रिवाजाप्रमाणे गल्लीला निरोप गेला, कुंडीपुढे रांगोळी, निरांजन, मसाला दूध. शालकांनी हात जोडले आणि शांतपणे सांगितलं की हे ब्रह्मकमळ नव्हे, मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. खरं मी पाहून आलो. फूल तेवढंच सुंदर राहिलं. शालकांना दुधाचा दुसरा पेला मिळाला नाही.

मग त्यांना उंच पर्वतावरच्या झाडांचं वेड लागलं. झाडांची हद्द संपल्यावर वर जी बुटकी, गादीसारखी पसरलेली, दगडाला चिकटलेली झुडपं असतात ती. एडलवाइस, जेन्शियन, सॅक्सिफ्रागा अशी बियांची पाकिटं पोस्टाने आली. या बियांचा एक नियम असतो. एक हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय त्या उगवत नाहीत. ओलाव्यात काही आठवडे थंडी भोगावी लागते. ती सोय फ्रिजमध्ये झाली. ओल्या वाळूत कालवलेलं बी डब्यात, डबा भाजीच्या कप्प्यात, भरताच्या वांग्यांशेजारी. वहिनींनी एकदा तो डबा मोहरी समजून फोडणीसाठी बाहेर काढला होता. जेन्शियनची फोडणी टळली ती केवळ वाळू दाताखाली येईल हे त्यांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून.

डिसेंबरात बी पेरलं आणि खरोखर उगवलं. धुळ्यात माणसं कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसलेली, रब्बीच्या काळजीत. आणि शालक पहाटे पाच वाजता गच्चीवर थंडी मोजत उभे. पारा उतरला की त्यांचा चेहरा खुलायचा. पण खानदेशच्या हिवाळ्याची एक खोड आहे, तो रात्रपाळीचा आहे. पहाटे सहा अंश असले तरी दुपारी तीस होतात. पर्वतावरच्या झाडाला नुसती थंडी नको असते. हिवाळ्यात त्याला बर्फाचं पांघरूण लागतं; त्याखाली ते शून्याच्या आसपास कोरडं, निवांत झोपून राहतं. उन्हाळ्यात डोक्यावर लख्ख ऊन चालतं, पण मुळं दगडाखाली गार हवीत. लंडनला क्यू उद्यानात या झाडांसाठी २००६ मध्ये एक काचघर बांधलं. उंच, दोन्ही बाजूंनी वाकलेलं. गरम हवा वरून निघून जाते आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या बोळांतून गार झालेली हवा झाडांवर येते. हे वाचून वहिनी म्हणाल्या, "आधी आपल्या माजघराला तसं करा."

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली. मार्चच्या मध्यावर शालक कुंड्यांत बर्फाचे खडे ठेवत होते. एप्रिल लागायच्या आत एडलवाइस संपलं, मग जेन्शियन. सॅक्सिफ्रागाने गुढीपाडवा पाहिला.

इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड फॅरर नावाचा गृहस्थ होऊन गेला. दगडांची बाग करायचं वेड त्याने त्या देशाला लावलं. आणलेलं बी बंदुकीत भरून त्याने घराजवळच्या कड्यावर झाडलं होतं, असं सांगतात. शालकांनी लळिंगच्या कड्यासाठी हा उपाय मनावर घेतला होता. परवान्याची चौकशी करायला निघाले तेव्हा वहिनींनी थांबवलं. फॅररचा जन्म १८८० चा. त्याच वर्षी आमच्या असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांनी कशावर गोळी झाडली नाही. पाय ठेवला त्या मातीतून काय फुटून येतं तेवढंच पाहिलं. दोघांपैकी माझा कल कुणाकडे हे सांगण्याची गरज नसावी.

भाद्रपदात मी आणि शालक लळिंगला गेलो. धुळ्याच्या दक्षिणेला, आग्रा रोडला लागून असलेला हा किल्ला. वर गेल्यावर सपाट काळा खडक लागतो. त्याच्या खळग्यांत बोटभरही नसेल इतकी माती, आणि त्या मातीत बोटभर उंचीची गवतफुलं, एकमेकांना चिकटून, जमिनीला धरून. शालक गुडघ्यांवर बसले. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही आणि लॅटिन नावही घेतलं नाही. हे सगळं त्यांनी हेमकुंडाला पाहिलेलंच होतं. अंग बुटकं, पान बारीक, जागा फटीतली, आणि वाईट महिने आले की गुडुप झोपून जायचं. तिकडचं झाड बर्फाखाली झोपतं, इकडचं उन्हाखाली. पाणी गोठून मिळेनासं झालं काय आणि आटून मिळेनासं झालं काय, झाडाच्या दृष्टीने हिशेब तोच. साताऱ्याच्या कासला लोक तिकीट काढून जे बघायला जातात, त्याचा गरीब चुलतभाऊ लळिंगला फुकट राहतो. उंची हवी असेल तर तोरणमाळ आहे, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं ते.

आणि उतरणीवर शेळ्या होत्या. त्यांनी राखलेली बोरीची झुडपं पाहिली. गुडघ्याएवढी उंची, मनगटाएवढं खोड, त्याला गाठी, पिळे, एका बाजूला वाऱ्याने लवलेलं. शेळी शेंडा खाते, तिथे दोन फुटवे येतात. ते खाते, चार येतात. वर्षानुवर्षं. जपानी उस्ताद जे कात्रीने आणि तारेने करतात ते ही शेळी पोटासाठी करते, आणि तिच्यावर छळाचा आरोप कोणी करत नाही. जवळच कातळातून वर आलेला एक अंजन होता. अंजनाचं रोप आधी खाली मूळ सोडतं, मग वर बघतं. त्याला आकार द्यायला कोणाची गरज पडलेली नाही. माझ्या दीड वीत वडावर मी जी मेहनत घेतो ती या उतरणीवर मे महिना आणि शेळ्या मिळून बिनपगारी करतात, हे मला मान्य करावंच लागलं. फरक इतकाच की वडाला पाणी मिळतं. अंजनाला कोणी विचारत नाही.

शालकांचा हात पिशवीतल्या खुरप्याकडे गेला होता. तो मी धरला. एक तर ती वनखात्याची जमीन. दुसरं, खडकातलं जुनं झाड उपटलं की त्याचं मुख्य मूळ खडकातच राहतं आणि कुंडीत येतं ते सरपण. मी पैज लावली की जगण्याजोगं झाड गावातच मिळेल. परत येताना धुळ्यात एका अर्धवट इमारतीच्या सज्जात आम्हांला हातभर लांबीचा, फटीतून बाहेर आलेला पिंपळ दिसला. पाखरांच्या विष्ठेतून हे बी पडतं आणि जिथे सिमेंट कमी पडलंय तिथे नेमकं रुजतं. बांधकाम जितकं निकृष्ट, पिंपळ तितका उत्कृष्ट. या बाबतीत जळगाव आणि धुळं, दोन्ही शहरं श्रीमंत आहेत.

हिवाळ्यात माझ्या गच्चीवर बोलण्यासारखं फार काही घडत नाही. वड थंडावतो, पाणी निम्म्यावर येतं, वटपौर्णिमेचं हळदकुंकू कुंडीच्या काठावर तेवढं राहतं. पौषात मेहरूणच्या बोरीच्या बोन्सायला बोरं लागतात. ट्रेमध्ये पान लहान होतं, फांदी लहान होते, पण फळ आपल्या पुऱ्या मापाचंच येतं. चार बोरांच्या वजनाने सगळं झाड लवतं. पाहुण्यांना एक-एक बोर दिलं की पीक संपतं. मामांना तेवढंच आवडलं. "याले तरी काही लागस," म्हणाले.

तर वाचकहो, हौस असेल तर लळिंगला, पाटणादेवीला, सातपुड्यात खुरपं नेऊ नका. आपल्याच इमारतीच्या पन्हाळीत, पाण्याच्या टाकीच्या खांबावर, शाळेच्या कठड्यावर बघा. पिंपळ दिसेल. उन्हाळ्यात हात लावू नका. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, भिंत भिजलेली असताना, जितकं मूळ येईल तितकं घेऊन काढा. पानं सगळी खुडा, विटेच्या चुऱ्यात लावा, महिनाभर सावलीत ठेवा. सोसायटीचे सेक्रेटरी आभारच मानतील. गावाला जायचं झालं तर शेजाऱ्यांना नुसतं 'रोज पाणी घाला' म्हणू नका, 'सूर्य उगवायच्या आत' असं सांगा आणि दोनदा सांगा. आणि वड ठेवला असेल तर वटपौर्णिमेला कोणी मागायला येईल. द्या. तार तेवढी आदल्या दिवशी काढून ठेवा.